दप्तराबाहेरची माणसे

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात वॉलनट ग्रोव्ह नावाची एक जुनी मळेदारी आहे, आणि तेथील घर, घरातले लाकूडसामान, धन्याच्या घराण्याची दफनभूमी हे सारे आता प्रेक्षकांना हिंडवून दाखविले जाते. १९८९ साली ल्यूसिल क्लिफ्टन या कवयित्री अशीच ती वास्तू पाहावयास गेल्या होत्या. घराण्याचा इतिहास सांगून झाला, वस्तूंची घडण वाखाणून झाली. परंतु ज्यांच्या कष्टावाचून त्या जमिनीत एक दाणाही पिकला नसता, त्या गुलामांविषयी एक अवाक्षरही निघेना, तेव्हा क्लिफ्टनबाईंनी आपण होऊन विचारणा केली. त्या विचारणेतून निष्पन्न झाले ते असे की, मळ्याच्या मालमत्तेची जी जुनी यादी आहे तीत दहा गुलाम दाखल आहेत. आणि आणखी खोदून विचारता असेही उजेडात आले की, त्या यादीत केवळ पुरुषांचीच गणती झालेली आहे, बायका तीत धरलेल्याच नाहीत.

या दुसऱ्या माहितीपाशी माझे मन प्रत्येक वेळी थबकते. जिवंत माणसाची गणना नांगर, बैल आणि तांब्यापितळेची भांडी यांच्या रांगेत व्हावी यासारखी दुसरी विटंबना नाही, असे आपण समजून चालतो. परंतु त्या विटंबनेच्या कागदावरही ज्यांना एक ओळ मिळाली नाही, ज्यांची किंमत ठरविण्याचीही तसदी कोणा कारकुनाने घेतली नाही, त्या स्त्रियांचे काय झाले असेल, त्या कोणत्या दगडाखाली पुरल्या गेल्या असतील, त्यांना हाक कोणत्या नावाने मारीत असतील, हे सांगू शकेल असा एकही दस्तऐवज मला ठाऊक नाही. क्लिफ्टनबाईंनी त्या दफनभूमीवर जी कविता लिहिली आणि जी पुढे ‘क्विल्टिंग’ या १९९१च्या संग्रहात आली, तीत आक्रोश नाही. त्या दगडांमध्ये उभ्या राहून मृतांना त्यांची नावे विचारतात, त्यांच्या हातांच्या कामाची आठवण काढतात आणि त्यांच्या वतीने साक्ष देण्याचे वचन देतात. कविता आकाराने लहान आहे. तरीही तिची रचना एखाद्या कज्ज्यातील जबानीसारखी क्रमाने पुढे सरकते, आणि शेवटी तर भाषा इतकी आटते की केवळ मृतांच्या अस्तित्वाचा पुकारा तेवढा उरतो.

मला वाटते, त्यांच्या सबंध काव्यजीवनाचे सूत्र या एका प्रसंगात सापडते. सरकारदरबारी ज्यांची नोंद झाली नाही, किंवा झाली ती चुकीच्या रकान्यात झाली, अशा माणसांची रुजवात त्या आयुष्यभर करीत राहिल्या. कवयित्री म्हणून नाव होण्यापूर्वी त्या बफेलो शहरात न्यूयॉर्क राज्याच्या रोजगार खात्यात दाव्यांचे कागद पाहणाऱ्या कारकून होत्या. पुढे काही वर्षे वॉशिंग्टनच्या शिक्षण कचेरीतही त्यांनी नोकरी केली. या नोकऱ्यांचा उल्लेख चरित्रकार एका ओळीत उरकतात, परंतु माणसाचे दैन्य कागदावर उतरताना कसे आक्रसते, आणि अर्जाच्या चौकटीत न मावणारा त्याचा भाग कसा टेबलाच्या अलीकडेच राहून जातो, हे ज्या व्यक्तीने वेतनावर बसून पाहिले, तिच्या दृष्टीला त्याने काहीच दिले नसेल असे मानणे मला जड जाते.

त्यांचा जन्म २७ जून १९३६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील डिप्यू या गावी झाला, आणि बालपण जवळच्याच बफेलोत गेले. वडील सॅम्युएल सेल्स पोलादाच्या कारखान्यात होते. आई थेल्मा धुलाईच्या कारखान्यात काम करी. जन्मतः ल्यूसिलच्या दोन्ही हातांना सहा-सहा बोटे होती. तिच्या आईलाही तशीच होती, आणि पुढे तिच्या थोरल्या मुलीलाही झाली. ती जादा बोटे लहानपणीच काढून टाकण्यात आली. परंतु त्या बोटांवर पुढे त्यांनी जी कविता लिहिली तीत ती बोटे गेली असे त्या मानीतच नाहीत. घराण्यातील बायकांच्या हातांत उतरत आलेली ती एक विद्या आहे, आणि तिचा धाक इतरांना वाटला म्हणून ती छाटली गेली, असा त्या कवितेचा भाव आहे.

ही थेल्मा स्वतः कविता लिहीत असे. शिक्षण यथातथाच, घरची गरिबी, जिवाला फेफऱ्याचा आजार, आणि तरीही ती वृत्तबद्ध इंग्रजी कविता लिही. एकदा ती छापून येण्याची संधी चालून आली, तेव्हा नवऱ्याने नकार दिला. आपली बायको कवयित्री म्हणून मिरवलेली त्याला खपणार नव्हती. त्यावर थेल्मा आपली सारी हस्तलिखिते घेऊन तळघरात उतरली आणि तिने ती घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीत टाकली. लहानगी ल्यूसिल ते पाहत होती. निखाऱ्यांच्या उजेडात उभी असलेली ती आई, तिच्या हातातून सुटणारे कागद आणि तिच्या चेहऱ्यावर उमटलेला तो भाव, हे सर्व क्लिफ्टनबाईंनी ‘द बुक ऑफ लाइट’ या १९९३ साली निघालेल्या संग्रहात कवितेत उतरविले. म्हणजे ते दृश्य त्यांनी जवळजवळ अर्धे शतक मनात वागविले. थेल्माच्या त्या ओळी राख झाल्या. मुलीच्या कवितांची संख्या मोजताना त्या न उरलेल्या ओळीही हिशेबात धरल्या पाहिजेत असे मला वाटते, कारण वाचताना अनेकदा असा भास होतो की ही स्त्री दोघींच्या वतीने लिहीत आहे. १३ फेब्रुवारी १९५९ रोजी, ल्यूसिलच्या पहिल्या बाळंतपणाला महिनाभर राहिला असता, थेल्मा वारली. तिचे वय तेव्हा अवघे चव्वेचाळीस वर्षांचे होते.

वडिलांकडून जे आले ते वेगळ्या जातीचे होते. सॅम्युएल वाचू शकत, पण लिहिता म्हणून येई ते केवळ स्वतःचे नाव. तरीही मुलगी शिष्यवृत्ती मिळवून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेली, तेव्हा त्यांनी कसेबसे एक पत्र जुळवून तिला पाठविले, आणि ते हाती पडताच ती ढसढसा रडली. या लिहिता न येणाऱ्या माणसाच्या जिभेवर घराण्याची शंभरसव्वाशे वर्षांची बखर होती. ती त्याला लहानपणी कॅरोलाइन नावाच्या पणजीने सांगितली होती. ही कॅरोलाइन १८२२ साली पश्चिम आफ्रिकेतील दाहोमी राज्यात स्वतंत्र जन्मली, गुलाम म्हणून अमेरिकेत आणली गेली, आठ वर्षांच्या वयात न्यू ऑर्लिन्सपासून व्हर्जिनियापर्यंत पायी चालत गेली, आणि १९१० साली पुन्हा स्वतंत्र असताना वारली. आठ वर्षांच्या मुलीची ती पायपीट क्लिफ्टनबाईंच्या गद्यपद्यात अनेकवार डोकावते, आणि प्रत्येक वेळी ती हळहळीसाठी येत नसून अभिमानाने येते.

‘जनरेशन्स’ हे त्यांचे छोटेखानी आत्मवृत्त १९७६ साली प्रसिद्ध झाले. त्याचे संपादन कादंबरीकार टोनी मॉरिसन यांनी केले, ज्या स्वतःही हॉवर्डच्याच विद्यार्थिनी होत्या. पुस्तकाचा आरंभ एका दूरध्वनीने होतो. घराण्याची माहिती मिळावी म्हणून क्लिफ्टनबाईंनी व्हर्जिनियातील बेडफर्डच्या वर्तमानपत्रात सूचना दिली होती, ती वाचून तेथील एका वयोवृद्ध गोऱ्या बाईने त्यांना फोन केला. तिने क्लिफ्टनबाईंच्या माहेरच्याच आडनावाच्या कुळाचा इतिहास संकलित करून खाजगी रीत्या छापला होता. बोलता बोलता तिने वडिलांचे नाव विचारले, आणि ते ऐकून, असे नाव आपल्याला आठवत नाही, असे सांगितले. आठवणार तरी कसे? गुलामांची नावे गुलामांच्या मुलांखेरीज कोणाच्या ध्यानात राहायची! त्या दोघींचे आडनाव एकच, कारण एकीच्या पूर्वजांनी दुसरीच्या पूर्वजांवर मालकी सांगितली होती. एकीकडे छापील वंशावळ आणि दुसरीकडे बापाच्या तोंडची गोष्ट. आणि तरीही, पुस्तक पुढे वाचीत जावे तसतसे हे ध्यानी येते की, छापील वंशावळ अविवाहित वृद्धेपाशी येऊन थांबली आहे, आणि न छापलेली कहाणी मात्र क्लिफ्टनबाईंच्या सहा मुलांच्या घरात गजबजून नांदते आहे.

या बखरीत कॅरोलाइनची मुलगी ल्यूसी हिची हकीकत येते. तिने आपल्या मुलाच्या बापाला, एका गोऱ्या माणसाला, बंदुकीने ठार केले, आणि रीतसर खटला होऊन ती फाशी गेली. क्लिफ्टनबाईंचे नाव तिच्याच नावावरून आलेले. ही कथा घरातल्या सांगण्यावर उभी आहे, सरकारी कागदावर नव्हे, आणि लेखिका ते लपवीत नाहीत. इतिहासाचा अभ्यासक येथे पुरावा मागेल, आणि मागावाच. पण पुरावा जपून ठेवण्याचा अधिकार ज्या पक्षाच्या हाती होता त्याने काय काय जपले नाही याचाही जाब त्याच न्यायासनासमोर विचारला गेला पाहिजे.

इथवर लिहिलेल्यावरून वडिलांची जी मूर्ती उभी राहते ती अपुरी आहे. बालपणी बापाकडून झालेल्या लैंगिक अत्याचाराविषयी क्लिफ्टनबाईंनी पुढे आपल्या कवितांत लिहिले. ‘नेक्स्ट’ या १९८७च्या संग्रहातील काही कविता तर केवळ त्यासाठीच आहेत. ज्या माणसाने तिला पूर्वजांची नावे दिली, ज्याच्या पत्राने तिला रडू कोसळले, त्याच माणसाने तिच्या आईची कविता कोंडली आणि मुलीच्या देहाचा विश्वास मोडला. यातले एक खरे मानून दुसरे खोडून टाकावे हा मोह केवढा असेल! त्यांनी दोन्ही नोंदी ठेवल्या. एकीने दुसरीची वजावट केली नाही. मनुष्याच्या अंतःकरणात एवढी जागा असू शकते, आणि तीही स्वतःची फसवणूक न करता, हे मला त्यांच्या चरित्रातले सर्वांत कठीण आणि सर्वांत आदरणीय प्रकरण वाटते.

१९५८ साली त्यांचा विवाह फ्रेड क्लिफ्टन यांच्याशी झाला. फ्रेड तत्त्वज्ञान शिकवीत आणि लाकडात शिल्पे कोरीत. मित्र इश्मेल रीड यांनी ल्यूसिलच्या काही कविता कवी लँग्स्टन ह्यूज यांना दाखविल्या, आणि त्यांनी त्या आपल्या कृष्णवर्णी कवींच्या संकलनात घेतल्या. १९६९ साली ‘गुड टाइम्स’ हा पहिला संग्रह निघाला, न्यूयॉर्क टाइम्सने त्या वर्षाच्या उत्तम पुस्तकांत त्याची गणना केली, आणि कवयित्रीच्या घरात त्या वेळी दहा वर्षांखालील सहा मुले होती. कविता एवढ्या आखूड का, असे विचारले असता त्या मुलांचेच कारण सांगत: दिवसभराच्या रगाड्यात डोक्यात धरून ठेवता येतील तेवढ्याच ओळी रात्री कागदावर उतरत. हे उत्तर अर्थातच अर्धे आहे, कारण सहा मुलांच्या सगळ्याच आयांना असे काव्य साधत नाही. परंतु ते खरेही आहे. कागदाच्या आधीच ओळ पाठ व्हावी लागे, आणि जी पाठ राहत नसे ती टाकाऊ ठरे. मोठी अक्षरे त्यांनी जवळपास वर्ज्य केली, विरामचिन्हेही मोजकीच ठेवली. परिणामी ‘मी’ हे सर्वनामही, जे इंग्रजीत नेहमी ताठ मानेने उभे असते, त्यांच्या ओळीत इतर शब्दांच्या बरोबरीने बसते.

त्या पहिल्या संग्रहात मिस रोझी नावाची एक म्हातारी आहे. अंगावर चिंध्या, भोवती बटाट्याच्या सालींचा कुबट वास, पायांत कोणा पुरुषाचे टाकलेले बूट आणि त्या बुटांचा करंगळीपाशी कापून काढलेला तुकडा. एके काळी ही जॉर्जियातील नामांकित देखणी स्त्री होती. वाटेने जाणारा तिला टाळून जाईल, समाजकल्याण खात्याचा कारकून तिच्यावर एखादा फॉर्म भरील; क्लिफ्टनबाई तिच्यासमोर उठून उभ्या राहतात, आपल्याकडे वडीलधारे माणूस आले म्हणजे उभे राहतात तशा. करंगळीपाशी कापलेले ते चामडे कोणी सहज पाहत नाही. ते पाहण्यासाठी त्या म्हातारीच्या पायापाशी काही वेळ नजर स्थिर करावी लागते.

महाराष्ट्रात अमेरिकेतील कृष्णवर्णी साहित्याचा परिचय झाला तो एका ज्वलंत कालखंडात. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले, आणि जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या वाङ्मयाची सविस्तर ओळख मराठीत करून दिली. त्या काळाची गरज रणशिंगाची होती, म्हणून तिकडचेही रणशिंगच आपल्या कानी आधी आले. क्लिफ्टनबाईंच्या कवितेची चर्चा त्यामानाने आपल्याकडे फारच थोडी झाली, याची मला खंत वाटते. फलटणच्या बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ नवऱ्याच्या नकळत लिहून वर्षानुवर्षे ते कागद लपवून ठेवले होते, हे ज्याला ठाऊक आहे अशा मराठी वाचकाला थेल्माच्या भट्टीची हकीकत परकी वाटणार नाही. आणखी एक धागा तर थेट भारतातूनच गेलेला आहे. १९७४च्या ‘अ‍ॅन ऑर्डिनरी वुमन’ या संग्रहात कालीवर लिहिलेल्या काही कविता आहेत. काळी, संहारक, रक्ताची तहानलेली अशी ती देवता कवयित्रीच्या दाराशी येते. कवयित्री प्रथम तिला नाकारते, मग तिचा अंमल ओळखते, आणि अखेर आपली बहीण म्हणून तिचे सांत्वन करू लागते. आपण कालीची पूजा करतो, तिला भितो, तिच्यापुढे नवस बोलतो. परंतु ती दमली असेल, तिलाही कोणी जवळ घ्यावे असे तिला वाटत असेल, हे तेव्हा बाल्टिमोर शहरात राहणाऱ्या एका गृहिणीला सुचावे याचे मला फार अप्रूप वाटते.

पुढची वर्षे मानसन्मानाची आणि आघातांची आहेत. १९८४ साली फ्रेड वारले. बाल्टिमोरचे राहते घर कर्जापायी हातचे गेले होते. स्तनाचा कर्करोग झाला. मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा एका मुलीने आपले मूत्रपिंड दिले. दोन मुले आईच्या देखत गेली. याच वर्षांत त्या मेरीलँडच्या राजकवी झाल्या, १९८८ साली एकाच वेळी त्यांची दोन पुस्तके पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम फेरीत आली, २००० साली नॅशनल बुक अवॉर्ड आणि २००७ साली रूथ लिली पारितोषिक मिळाले. मेरीलँडच्या सेंट मेरीज महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. १३ फेब्रुवारी २०१० रोजी, म्हणजे आईच्याच मृत्युतिथीला, त्यांचे निधन झाले. हातचे गेलेले ते घर त्यांच्या मुलीने २०१९ साली परत विकत घेतले, आणि आता तेथे लेखक-कलावंतांसाठी कार्य चालते.

त्यांचा प्रभाव म्हणजे काय, हे सांगणे अवघड आहे, कारण त्यांची नक्कल सोपी दिसते आणि साधत नाही. कृष्णवर्णी कवींना एकत्र आणण्यासाठी १९९६ साली टॉय डेरिकॉट आणि कॉर्नेलियस ईडी यांनी ‘केव्ह कानेम’ ही संस्था काढली, तेथे पुढच्या पिढीला त्यांचा सहवास लाभला. त्या पिढीने त्यांच्यापासून आखूड ओळ घेतली असे सामान्यतः म्हणतात. मला वाटते, शरीराविषयी, बाळंतपणाविषयी, गर्भपाताविषयी, रुंद कमरेविषयी आणि ऋतुस्रावाच्या निरोपाविषयी सन्मानाने बोलण्याची मुभा त्यांनी घेतली, आणि ती मुभा आखूड ओळीपेक्षा अधिक मोलाची आहे.

केव्हिन यंग आणि मायकेल ग्लेझर यांनी संपादिलेल्या त्यांच्या समग्र कविता २०१२ साली निघाल्या, तेव्हा प्रस्तावनेत टोनी मॉरिसन यांनी एक तक्रार नोंदविली. लोक या कवयित्रीच्या प्रेमळपणाची, तिच्या दिलासा देणाऱ्या स्वराची स्तुती करतात आणि तिच्या कणखर बुद्धीकडे मात्र कोणी पाहत नाही, असा तिचा आशय होता. ही तक्रार रास्त आहे. ‘द बुक ऑफ लाइट’मध्येच एक आठ कवितांची मालिका आहे, तीत वृद्ध झालेला ल्युसिफर, म्हणजे स्वर्गातून पतन पावलेला तो देवदूत, जगाच्या उलाढाली होऊन गेल्यानंतर फार काळाने पुन्हा ईश्वराशी बोलू लागतो. आपल्याला ऐकू येतो तो केवळ ल्युसिफर. तो आर्जवाने बोलतो, बंधुभावाने बोलतो, एकत्र घालविलेल्या दिवसांची आठवण देतो, आणि मग जगात एवढे दुःख चालू असताना तू गप्प का राहिलास, हा प्रश्न विचारतो. ईश्वराचे उत्तर येत नाही. जो वाद मिल्टनने महाकाव्याच्या अनेक सर्गांत मांडला, त्याची बाजू या कवयित्रीने पुन्हा उघडली आणि जाब विचारण्याचे काम पतिताकडे सोपविले. ईश्वराच्या त्या मौनाचा अर्थ ल्युसिफर शेवटी स्वतःच लावू पाहतो, त्याच्या बाजूने वकिली करू पाहतो, आणि ती वकिली मान्य करावी की नाही याचा निकाल क्लिफ्टनबाई वाचकाच्या पदरात टाकून बाजूला होतात.